कठडा

साडेआठला मी कामाला निघते.
म्हणजे बूट घालते, दार ओढून घेते,
समुद्राच्या कडेकडेने गावाच्या टोकाला जाते.
तिथे टेकडी आडवी येते, रस्ता संपतो
आणि एक लोखंडी कठडा आहे,
ज्याला अ‍ॅबरिस्टविथमधला प्रत्येक माणूस
बुटाने हलकी ठोकर मारून मागे फिरतो.
का, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
मीही मारते. फिरते.
नऊला पोचते ऑफिसात:
जिन्याखाली, इस्त्रीच्या टेबलाशी,
डाव्या हाताला कांद्यांची टोपली.

पहिल्यांदा ठोकर मारली तेव्हा
हात आपोआप कपाळाला गेला होता.
शेजारी उभी आयर्वेन म्हणाली, हे काय आता?
म्हटलं, आमच्याकडे कशाला पाय लागला
की असं करतात.
लोखंडालासुद्धा?
लोखंडाला, पुस्तकाला, माणसाला.
ती इतकी हसली
की हातातला सॉसेज रोल सीगलने पळवला.

आयर्वेन पहाटे पाचला टेकडी चढायची,
परीक्षा विभागाचा मजला झाडून पुसून
आठला उतरायची.
अकरा वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं
आणि एकदाही भेटलो नाही.
मला ती ठाऊक होती रिकाम्या कचरापेटीवरून,
तिला मी, खुर्चीखाली सांडलेल्या चिवड्यावरून.
भेटलो, ते मी घरी बसायला लागल्यावर.

त्यासाठीचा अर्ज दोन भाषांत होता,
डावीकडे वेल्श, उजवीकडे इंग्रजी.
खुर्चीची उंची. खिडकीचा उजेड.
आग लागली तर कुठून बाहेर पडाल.
पुढच्या दाराने, कांद्यांसकट, असं लिहून मग खोडलं.
सातवा प्रश्न: तुमच्या घरून काम करण्याचा
इतर कुणावर परिणाम होईल का?
नाही, लिहिलं.
गेथिनने त्याच दुपारी मंजूर केला.

खोटं कशाला बोलू, आवडतं मला हे.
कुकर लावून मीटिंगला बसते,
शिट्टीच्या आत माइक बंद करते.
मुदतवाढीसाठी पोरं लिहितात:
कुणाचा लॅपटॉप चहात बुडाला,
कुणी नुसतंच, जमत नाहीये.
त्याला मी दहा दिवस देते, दाखला न मागता.
टेकडीवर असते तर मागितला असता, कदाचित.
तिथे खोलीभर लोक कागद मागत बसलेले असायचे.

मग टेबलांखाली डब्या बसवल्या,
माणूस बसला की मोजणाऱ्या.
चार महिने मोजलं आणि निघालं
की आमच्या मजल्यावर बहुतेक वेळ कुणी नसतं.
मजल्याला कुलूप.
आयर्वेनचे आठवड्याला वीस तास होते,
आठ उरले.
तिने हे कठड्यापाशीच सांगितलं, मफलरच्या आतून,
तक्रार म्हणून नाही, उद्याचं हवामान सांगावं तसं.
वर म्हणाली,
तुझी खुर्ची शेवटच्या दिवशीही पुसली बरं का.

माझा हात वर गेला.
वाऱ्यात तिला वाटलं, केस सावरतेय.

आता ती सकाळी दिसत नाही.
मासे तळणाऱ्या दुकानात बटाटे सोलते, असं कळलं.
मी एक गुरुवार वर जाऊन बसले होते,
दुसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी टेबलाशी,
डबीने मला मोजलं असेल.
खुर्चीवर धूळ होती.

अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा असतो.
सातव्या प्रश्नाशी अडलेय सकाळपासून.
पाय लागला, एवढंच लिहायचंय.
डावीकडची भाषा मला येत नाही,
उजवीकडच्या भाषेत ते नुसतंच पायाबद्दल होतं.
साडेचारला मुदत संपते.
गेथिनकडे मुदतवाढ मागायला हवी.
कारण विचारलंय:
जमत नाहीये.